हरकत क्रमांक तीनशे सोळा

महापालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर
पंखा आहे, वारा नाही.
माणशी दोन मिनिटं.
घड्याळ साहेबांच्या पाठीमागे,
म्हणजे ते फक्त आम्हालाच दिसतं.

तीनशे बारा : यशोदा तापकीर, बिबवेवाडी.
म्हणाल्या, आमची ज्वारी होती तिथं,
बाग करतो म्हणून घेतलीत.
आता बाग करायची नसंल तर ज्वारी परत द्या.
लोक हसले. त्या हसल्या नव्हत्या.

तीनशे तेरा गैरहजर.

तीनशे चौदा : इक्बाल बागवान, सोबत नातू.
नातवाने वहीचं पान वाचलं :
आमच्या ग्राउंडवर लेग साइडला बोरीचं झाड आहे,
त्याला बॉल लागला की चार.
बिल्डिंग झाल्यावर चार कशाला धरायचे?
साहेब म्हणाले, यात हरकत कोणती आणि सूचना कोणती?
मुलाने पान उलटून पाहिलं.
मागे गुणाकार होते.

तीनशे पंधरा : आपटीकर सर.
पंचेचाळीस मुद्दे, तीन प्रतींत,
कलम सदतीस, पोटकलम, खाली लाल रेघ.
सातव्या मुद्द्याला घंटी वाजली.
ते बसले,
आणि बसल्या बसल्या आठवा मुद्दा
शेजारच्या खुर्चीला सांगत राहिले.

मग मी.
नलिनी बिडकर, निवृत्त ट्रेसर, नगररचना,
हीच इमारत, तेव्हाचा तळमजला.

साहेब, तुमच्या मागे भिंतीवर जो नकाशा आहे
त्याच्या आजीला मी रंग दिलाय.
पिवळा राहायला, निळा दुकानांना,
हिरवा मोकळं सोडायला.
हिरवा आम्ही शेवटी लावायचो,
वाळायला फार वेळ घ्यायचा,
आणि तोवर कुणी हात लावलेला चालायचा नाही.
सर्व्हे नंबर सत्तेचाळीस, हिस्सा दोन.
मला सातवा महिना होता.
पोरीने आतून लाथ मारली
आणि ब्रश रेघेबाहेर गेला.
दोन मिलिमीटर.
आमच्या मापात दोन मिलिमीटर म्हणजे
जमिनीवर पाच मीटर.
हेड ड्राफ्ट्समन वाघोलीकर भिंग लावून बघत राहिले,
म्हणाले, खरवडू नका बाई, कागद फाटेल.
आणि सही ठोकली.

त्या पाच मीटरांत ती बोर आहे.

यातलं मी काहीच बोलले नाही.
पहिल्या रांगेत बिल्डरचे वकील
पेनाचं टोपण काढून बसले होते.
काटा दीड मिनिटावर आला.
माझी हरकत आहे, म्हणाले.
आणखी काही?
नवा हिरवा फिका आहे, म्हणाले, आमचा गडद होता.
कारकुनाने लिहून घेतलं :
छपाईच्या रंगाबाबत तक्रार.
आवक क्रमांक पडला. शिक्का बसला.
खाली येताना जिन्यात आपटीकर सर नवव्या मुद्द्यावर होते.

लाथ मारणारीला आता चाळिसावं लागेल.
ती म्हणते, आई, तिथंच होतायत टू बीएचके,
तुझ्याजवळ राहायला येऊ,
गॅलरीतून तळजाईची टेकडी दिसेल.
या वाक्याला हरकत कशी घ्यायची,
त्याचा अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतो,
मला ठाऊक नाही.

संध्याकाळी गेले.
रस्त्याच्या कडेपासून पावलं मोजली,
पाच मीटरांना आता माझी बारा लागतात.
बोरं अजून कच्ची.
खोडावर बॉलचे पांढुरके डाग,
एका फांदीला कुणाचा तरी डबा टांगलेला, पाखरांसाठी,
त्यात पाणी होतं.

पोरांपैकी एक ओरडला,
ओ आजी, बाजूला व्हा ना,
बाउंड्रीवर उभ्या आहात!

कुठल्या बाजूला,
ते काही त्याने सांगितलं नाही.